घोळका, पाऊस आणि खोळंबा

पावसात चालणारा माणूस सहसा कुरकुरत नाही. कुरकुर सुरू होते ती तो उभा राहिला की. चालण्याची ऊब अंगात असते तोवर मानेवरून आत उतरणारा थेंबही खपून जातो. तेच कुणाची तरी वाट बघत पाच मिनिटं एका जागी उभं राहावं लागलं की शर्ट पाठीला चिकटतो, बोटं गार पडतात आणि ‘आलोच कशाला’ हा प्रश्न कुणीतरी मोठ्याने विचारतं. निसर्ग उद्यानातल्या गटसहलीचा पावसाळी दिवस पावसाने कमी आणि खोळंब्याने जास्त नासतो, असं माझं ठाम मत आहे.

हिशेब साधा आहे. वाटेत एखादी गुळगुळीत पायरी येते, अरुंद साकव येतो किंवा चिखलाचा उतार येतो. कोरड्या दिवशी माणूस तिथून दोन सेकंदांत पार होतो. पावसात छत्री मीट, हात दे, ‘इथे नको, तिथे पाय ठेव’ असं करत पंधरा सेकंद सहज जातात. गट चाळीस जणांचा असेल तर सगळे पार व्हायला दहा मिनिटं लागतात. शेवटचा अलीकडे ताटकळतो, पहिला पलीकडे. भिजायला दोघेही तेवढाच वेळ उभे. अशा चार जागा आल्या की चाळीस मिनिटं नुसती उभं राहण्यात गेली, आणि वेळापत्रकात त्यांची नोंद कुठेच नसते.

म्हणून पावसाच्या दिवशी घोळका फोडावा. दहा-बारा जणांच्या तुकड्या कराव्यात आणि दहा-दहा मिनिटांच्या अंतराने सोडाव्यात. प्रत्येक तुकडीत पुढे वाट माहीत असलेला एक आणि सगळ्यात मागे न कंटाळणारा एक. मागच्याने कुणाच्याही पुढे जायचं नाही, एवढाच त्याचा नियम. फाटा आला की सगळी तुकडी गोळा झाल्याशिवाय पुढे पाऊल टाकायचं नाही. मोजणी डोकी मोजूनच करावी, कारण ‘सगळे आले का?’ या प्रश्नाला आलेलेच ‘हो’ म्हणतात. टोप्या ओढल्यावर चेहरे दिसत नाहीत, टोपीवर थेंब वाजत असल्यामुळे हाका ऐकू येत नाहीत. जोड्या लावून दिल्या आणि ज्याने त्याने आपला जोडीदार बघितला, तर मोजणी अर्ध्या वेळात होते.

आडोशाला थांबायचं की चालायचं, हे आभाळ बघून ठरवावं. ढग सपाट, राखाडी, बिनकडांचा असेल आणि पाऊस एका लयीत रिपरिपत असेल, तर तो तासन्‌तास चालतो. उघडिपीची वाट बघण्यात अर्थ नाही, सरळ चालू पडावं. उंच, काळ्या, ठसठशीत कडांच्या ढगातून कोसळणारी सर मात्र बहुतेक वेळा अर्ध्या-पाऊण तासात ओसरते. तिला वाट द्यावी. गडगडाट असेल तर चर्चाच नको. वीज चमकल्यापासून आवाज येईपर्यंतचे सेकंद मोजून तिनाने भागले की अंतर किलोमीटरमध्ये मिळतं. हे सेकंद तिसाच्या आत आले की उघडा माथा, लोखंडी कठडा आणि एकटं झाड सोडायचं. चारही बाजूंनी उघडा मंडप पावसापासून वाचवतो, विजेपासून नाही. पक्की बंद इमारत किंवा पत्र्याच्या छताची, काचा लावलेली बस गाठावी. शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं हलायचं नाही. हा एकच खोळंबा असा, की त्याबद्दल कुणी कुरकुरू नये.

आता कपडे. जीन्स आणि सुती शर्ट पाणी पितात आणि दिवसभर सोडत नाहीत. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने अंगातली उष्णता ओढून नेतं, त्यामुळे थंडी नसतानाही ओला माणूस वाऱ्यात थरथरतो. चार्ल्स मॅकिन्टॉशने १८२३ मध्ये दोन कापडांमध्ये रबराचा थर देऊन जलरोधक कापडाचं पेटंट घेतलं. पाणी आत येईना, पण घामही बाहेर जाईना. १९६९ मध्ये बॉब गोअरने सूक्ष्म छिद्रांचं पटल तयार केलं, ज्यातून वाफ जाते आणि थेंब शिरत नाही. तरी महागडी जॅकेटं घातलेले लोक आतून ओले होतातच. आतली हवा बाहेरच्यापेक्षा दमट असली तरच वाफ बाहेर पडते आणि पावसात बाहेरची हवाच ओथंबलेली असते. त्यात वरच्या कापडाचा पाणी निथळवणारा लेप झिजला की कापडावर पाण्याची चादर बसते आणि छिद्रं असून नसल्यासारखी होतात. निघण्याआधी बाहीवर चमचाभर पाणी टाकून बघावं. थेंब मोत्यासारखे घरंगळले तर ठीक. कापड काळपट झालं तर लेप गेला. वापरायची रीतही महत्त्वाची. चढावर गळ्याची चेन उघडी ठेवावी, थांबलं की लावावी. लोक नेमकं उलटं करतात.

पोंचो, म्हणजे डोक्यातून घालायचा ढगळ रेनकोट, पाठपिशवीसकट झाकतो, पण पायऱ्या उतरताना आपलेच पाय दिसत नाहीत. रुंद डांबरी वाटेवर छत्रीसारखं सुख नाही. अरुंद वाटेवर तिच्या काड्या मागच्याच्या डोळ्यांसमोर येतात. पिशवीवर कव्हर असलं तरी पाठीकडची बाजू उघडीच राहते आणि मानेवरून ओघळलेलं पाणी तिथूनच आत शिरतं. त्यापेक्षा पिशवीच्या आत मोठी प्लॅस्टिकची पिशवी घालून तिचं तोंड पिळून दुमडावं. कोरडा शर्ट आणि मोज्यांचे दोन जोड त्यात. पहिला जोड दुपारी बदलावा, दुसऱ्याला बसमध्ये बसेपर्यंत हात लावू नये.

सहलीच्या कार्यक्रमात सगळ्यात वरचा मान असतो प्रेक्षणीय कठड्याचा आणि पावसात सगळ्यात आधी तोच बाद होतो. दृश्यमानता एक किलोमीटरच्या खाली गेली की हवामानशास्त्र त्याला धुकं म्हणतं. डोंगराच्या कडेला ते बहुधा ढगच असतं आणि आपण त्याच्या पोटात उभे असतो. इथे दहा-पंधरा मिनिटं थांबून बघावं, पण पांढऱ्यात हालचाल असेल तरच. तुकडे सरकत असतील, गडद-फिकं होत असेल, तर वारा आहे आणि खिडकी उघडू शकते. सगळीकडे सारखाच न हलणारा पांढरेपणा असेल तर पुढे चला.

लांबचं दिसत नसलं तर जवळचं बघावं, आणि जवळचं पावसात उन्हापेक्षा चांगलं दिसतं. दगड, साल, माती ओली झाली की पृष्ठभागावरून इतस्ततः विखुरणारा उजेड कमी होतो आणि मूळ रंग गडद होऊन वर येतो. काल करपलेलं वाटणारं शेवाळ काही मिनिटांत पाणी शोषून फुगतं. खोडावरचे राखाडी दगडफूल हिरवट होतात, कारण त्यांचा वरचा थर ओला झाला की पारदर्शक होतो आणि आतलं शैवाल दिसू लागतं. एखादं गुळगुळीत सालीचं जाडजूड झाड निवडून त्याच्या बुंध्याशी वाकावं. फांद्यांवरचं पाणी गोळा होऊन खोडावरून एकाच पट्ट्याने खाली येत असतं, आणि ते मुळाशी आपटतं तिथे पांढरा फेस साचलेला असतो. कुणी साबण सांडलेला नसतो. सालीतली द्रव्यं पाण्यात उतरून त्याचा पृष्ठताण कमी करतात, म्हणून फेस टिकतो. डोकी मोजायला थांबायचंच असेल तर अशा झाडापाशी थांबावं. दहा मिनिटं कुठे गेली, ते कळत नाही.

मातीच्या वासाचंही असंच. इझाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियात काम करणाऱ्या संशोधकांनी १९६४ मध्ये त्यावर शोधनिबंध लिहिला. २०१५ मध्ये वेगवान कॅमेऱ्यांनी दाखवलं, की सच्छिद्र जमिनीवर थेंब पडला की त्याच्याखाली हवेचे बुडबुडे अडकतात, वर येऊन फुटतात आणि हा वास हवेत नेणारे सूक्ष्म तुषार उडवतात. हे हलक्या आणि मध्यम पावसात जास्त होतं. धो-धो पावसात नाक उगाच ताणू नये.

ओढ्याशी मात्र लाडात येऊ नये. पात्रातल्या दगडांवर बसून फोटो काढताना पाऊस थांबलेला असला, तरी वरच्या अंगाला तो कोसळत असू शकतो. स्वच्छ पाणी अचानक गढूळ झालं, काड्या-पानं वाहून येऊ लागली, आवाज भरदार झाला, की सामान न गोळा करता काठावर यायचं. वेगाने वाहणारं १५ सेंटिमीटर पाणीही मोठ्या माणसाचे पाय उचलतं.

फोटोंचं थोडक्यात: पडद्यावर थेंब पडले की फोन त्यांनाच बोटं समजतो, म्हणून आवाजाच्या बटणाने फोटो काढावा. फ्लॅश बंद ठेवावा, नाहीतर समोरचा प्रत्येक थेंब पांढरा ठिपका होऊन येतो. वातानुकूलित बसमधून उतरल्या उतरल्या काच धुरकटते. कॅमेरा बंद पिशवीत ठेवून अर्ध्या तासाने काढावा.

पाऊल लहान टाकावं, तळवा पूर्ण टेकवावा, आणि तिरक्या मुळांवर आणि लाकडी फळ्यांवर तर मुळीच भरवसा ठेवू नये. परतल्यावर बुटांतले आतले तळवे वेगळे काढून आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबावेत आणि तासा-दोन तासांनी बदलावेत. हीटरसमोर ठेवल्यास बूट लवकर वाळतात खरे, पण त्यांचा डिंकही सुटतो आणि पुढच्या सहलीत सोल वाटेतच राहतो.