दाखला नाही म्हणून दाखिला नाही?

जळगाव-धुळ्याकडून कामासाठी इंदूरला आलेली आई सरकारी शाळेत जाऊन सांगते, "दाखला नहीं मिला।" समोरचे सर ऐकतात "दाखिला नहीं मिला" आणि म्हणतात, "टीसी ले आओ, हो जाएगा।" तिच्याकडे टीसीच नाही, हेच तर ती सांगत असते. मराठीत दाखला म्हणजे शाळा सोडल्याचा कागद, म्हणजेच टीसी, हिंदीत दाखिला म्हणजे प्रवेश. एका वेलांटीच्या फरकापायी मूल आठवडाभर घरी बसतं. म्हणून इथे आल्यावर पहिल्या दिवसापासून "टीसी" हाच शब्द वापरा.

टीसी नसली तरी पहिली ते आठवीचा प्रवेश अडत नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या कलम ५ प्रमाणे मूल एका शाळेतून दुसरीत, राज्यात किंवा राज्याबाहेर, कोणत्याही कारणानं जाऊ शकतं. जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी टीसी ताबडतोब द्यायची असते. ती यायला उशीर झाला, तर तेवढ्यावरून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही आणि लांबवूही शकत नाही. टीसी रोखून धरणाऱ्या मुख्याध्यापकांवर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते, असंही त्याच कलमात आहे.

एक मर्यादा मात्र नीट समजून घ्या. हा बदलीचा हक्क सरकारी आणि अनुदानित शाळांपुरता आहे. विनाअनुदानित खासगी शाळेवर तो चालत नाही. महाराष्ट्रात शिक्षण हक्काच्या पंचवीस टक्के राखीव जागांतून खासगी शाळेत मिळालेली मोफत जागाही इंदूरला सोबत येत नाही. ती येईल या आशेवर दोन-दोन महिने काढणारे पालक आहेत, आणि ते महिने मुलाचे जातात. आधी जवळच्या सरकारी शाळेत नाव घाला, बाकीचं नंतर बघा.

जन्माचा दाखला नाही? कलम १४ सांगतं की वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. अंगणवाडीची नोंद किंवा दवाखान्याचं कार्ड असेल तर द्या, नसेल तर पालकांचं लेखी घोषणापत्र द्या. वर्षाच्या मध्ये आलात? कलम १५ प्रमाणे मुदत उलटून गेली तरी मुलाला परत पाठवता येत नाही. आधार नाही? सर्वोच्च न्यायालयानं २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात स्पष्ट केलं की शाळाप्रवेशासाठी आधारची सक्ती करता येत नाही.

सगळ्यात जास्त मुलं भाषेवर अडतात. "हिंदी आती है क्या?" असं विचारून फळ्यावरचं वाचायला लावतात आणि मग एक वर्ग खाली बसवायला बघतात. प्रवेशासाठी चाळणी लावणं कलम १३ नं बंद केलंय. पहिल्या वेळी पंचवीस हजारांपर्यंत दंड आहे, पुढच्या प्रत्येक वेळी पन्नास हजारांपर्यंत. आणि सरकारी किंवा अनुदानित शाळेत केवळ भाषेच्या कारणावरून प्रवेश नाकारता येत नाही, हे तर थेट राज्यघटनेच्या अनुच्छेद २९ मध्ये आहे. चौथी पास झालेलं मूल पाचवीतच बसलं पाहिजे. एक वर्ग खाली बसवणं हा माझ्या मते सगळ्यात मोठा अन्याय, कारण मूल "कच्चं" असल्याचा शिक्का तिथेच बसतो आणि पुढे पुसला जात नाही.

खरी अडचण काय असते ते जवळून बघा. लिपी एकच असल्यामुळे वाचन पटकन जमतं. पण गणिताच्या तासाला बाई विचारतात, "उनतीस में छह जोड़ो।" मुलाला बेरीज येते, उनतीस म्हणजे एकोणतीस हे माहीत नसतं. ते गप्प राहतं आणि बाई समजतात गणित कच्चं. श्रुतलेखनात ते "पानी" ऐकून "पाणी" लिहितं, "में" वरचा अनुस्वार सोडतं. घरी एक ते शंभर हिंदी आकडे मोठ्यानं म्हणून घ्या, विशेषतः उन्नीस, उनतीस, उनतालीस ही रांग. यातच निम्मं काम होतं. शिवाय मध्य प्रदेशात वर्ग १ एप्रिलला सुरू होतात, महाराष्ट्रात जूनच्या मध्यात. म्हणजे जूनमध्ये आलेल्या मुलाचे इथले एप्रिलचे धडे आधीच गेलेले असतात. ते पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या.

आता ज्या एका गोष्टीवर सगळं अवलंबून आहे ती. "ठीक है, बैठने दो" म्हणजे प्रवेश नव्हे. मूल रोज वर्गात बसतं, डबाही खातं, पण दाखिल-खारिज पंजीत, म्हणजे प्रवेशाच्या नोंदवहीत, नाव नसतं. मग पुस्तकं येतात ती नोंदीप्रमाणे, त्यात त्याचा वाटा नसतो. पाचवी-आठवीची परीक्षा इथे बोर्डाच्या धर्तीवर होते, त्या यादीतही नाव नसतं, आणि हे कळतं ते फेब्रुवारीत. म्हणून शाळेकडून स्कॉलर नंबर, म्हणजे त्या पंजीतला मुलाचा क्रमांक, मागा. तो मिळाला की प्रवेश झाला, त्याआधी नाही.

त्यासाठी अर्ज लेखी द्या, दोन प्रतींत, हिंदीत. एवढं पुरतं: "मेरे बच्चे को कक्षा ५ में प्रवेश चाहिए। टीसी आने में समय लगेगा। शिक्षा का अधिकार अधिनियम २००९ की धारा ५ के अनुसार टीसी में देरी प्रवेश रोकने का आधार नहीं है। कृपया प्रवेश देकर स्कॉलर नंबर बताएँ।" दुसऱ्या प्रतीवर तारखेसह सही घ्या. नाकारत असतील तर नकार त्याच अर्जावर लिहून द्यायला सांगा, नम्रपणे पण ठामपणे. बहुतेक ठिकाणी गाडी इथेच रुळावर येते, कारण कायद्याविरुद्धचा नकार स्वतःच्या अक्षरात कुणालाच नको असतो.

तरीही अडलं तर जनशिक्षक (आसपासच्या काही शाळा बघणारे), मग बीआरसी (तालुक्याच्या पातळीवरचे शाळा-समन्वयक), मग जिल्हा शिक्षणाधिकारी. मंगळवारी कलेक्टर कचेरीत जनसुनवाई, म्हणजे लोकांच्या तक्रारींची सुनावणी, असते, अर्जाची प्रत घेऊन जा. १८१ या मुख्यमंत्री हेल्पलाइनवर तक्रार करता येते, पण "अब संतुष्ट हैं ना?" असा फोन आला की नुसत्या आश्वासनावर हो म्हणू नका, तक्रार बंद होते. स्कॉलर नंबर हातात येईपर्यंत नाहीच म्हणायचं. कलम ३२ खाली लेखी तक्रारही आहे, पण तिचा निर्णय द्यायला तीन महिन्यांची मुदत असते, आणि शाळेबाहेरच्या मुलाला तीन महिने फार होतात. म्हणून आधीचे रस्ते आधी.

प्रवेश झाल्यावर दोन कागदी गाठी राहतात. पहिली समग्र आयडीची: मध्य प्रदेशात कुटुंबाला आठ आकडी आणि प्रत्येक सदस्याला नऊ आकडी क्रमांक असतो, आणि गणवेशापासून शिष्यवृत्तीपर्यंत सगळीकडे तो लागतो. तो प्रवेशानंतरही काढता येतो, आधी नाही म्हणून अडू नका. दुसरी गाठ नावाची. महाराष्ट्रातल्या दाखल्यावर "पाटील सोनल रमेश", आधारवर "सोनल रमेश पाटील", इथे कुणी लिहिलं "सोनल पाटील". संगणकाला या तीन मुली वाटतात. समग्र काढताना आधारवरचंच नाव, अक्षर न अक्षर, लिहायला लावा.

नववीपासून मात्र शिक्षण हक्क कायद्यातलं काहीच चालत नाही. तो कायदा आठवीपर्यंतचा. तिथे टीसी हवीच, आणि परराज्यातली असेल तर तिच्यावर तिकडच्या शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरीही मागतात. ती इंदूरहून मिळवायची म्हणजे दोन खेपा आणि बुडालेली मजुरी, त्यामुळे मोठं मूल असेल तर ती सही घेऊनच गाव सोडा.

लहान मुलांसाठीही निघण्याआधी गावच्या शाळेत अर्धा तास द्या. दाखल्याचा अर्ज, प्रगतिपुस्तकाची प्रत, शाळेचा अकरा आकडी यूडायस क्रमांक (यूडायस म्हणजे शाळांची सरकारी ऑनलाइन नोंद), मुलाचा पेन क्रमांक (त्याच नोंदीतला मुलाचा कायमचा क्रमांक) आणि मुख्याध्यापकांचा फोन. "मूल शाळा सोडून गेलं" ही नोंद यूडायसवर करायला सांगा, म्हणजे नाव ड्रॉपबॉक्समध्ये, शाळा सोडलेल्या मुलांच्या यादीत, जातं आणि इंदूरची शाळा तिथून ते आपल्याकडे घेऊ शकते. नोंद झाली नाही तर मूल जुन्याच शाळेत शिकतंय असं दिसत राहतं. या सगळ्याचे फोटो घरातल्या दोन फोनमध्ये ठेवा.