तोरणमाळला पावसाळ्यात जाताय? भूछत्रं बुडापासून बघा

पेट्रोल शहाद्यातच भरून घ्या आणि सातपायरीचा घाट दिवसाउजेडी चढा. जुलै-ऑगस्टात धुकं असं उतरतं की पुढचं वळण दिसत नाही. यशवंत तलाव, सीताखाई यांवर लोकांनी भरपूर लिहिलंय, ते सोडतो. आम्ही गेलो होतो भूछत्रं बघायला.

तलावाकडच्या गवतात ताटलीएवढ्या पांढऱ्या छत्र्या उभ्या होत्या. वर तपकिरी खवले, देठावर सैल कडं, वरखाली सरकणारं. गाडीवाला मागून ओरडला, "कसाले तोडतस भाऊ?" प्रश्न रास्त होता. ही क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस. खाल्ली की एक ते तीन तासांत उलट्या-जुलाब. कोवळेपणी टोपीखालचे पडदे पांढरेच असतात, जून झाल्यावर हिरवट होतात, आणि फसगत होते ती कोवळीनेच. मुक्कामी टोपी देठापासून कापून पांढऱ्या कागदावर पालथी ठेवली, वर वाटी झाकली. सकाळी कागदावर मळकट हिरवा ठसा. बीजाणूंचा तो रंग हीच तिची पक्की खूण.

अमानिटा या भूछत्रांच्या गटातल्या जीवघेण्या जाती आम्हाला दिसल्या नाहीत, पण शोधायची पद्धत त्यांच्यासाठीच शिकायची. त्यांची खूण मातीत दडलेली असते: देठाच्या बुडाशी पिशवी. वरून खुडलं तर पिशवी जमिनीतच राहते, म्हणून चाकूने भोवतीची माती उकरून अख्खं भूछत्र काढा. पिशवी, देठावर कडं, पांढरे पडदे आणि पांढरा ठसा एकत्र दिसले की हात मागे. पेंढ्यावरच्या खाण्याच्या अळंबीलाही पिशवी असते. मात्र तिला कडं नसतं आणि पडदे पुढे गुलाबी होतात. कळीच्या अवस्थेत दोन्ही अंड्यासारख्याच दिसतात, तिथे भलेभले चुकतात.

वारुळावर उगवणारी अळंबी खाण्याची. टोपीला मधोमध टोक, देठ मुळासारखा खोल वारुळात गेलेला. पाड्यावरची माणसं ती पिढ्यान्‌पिढ्या ओळखतात. आपण मोबाइलमधल्या फोटोशी ताडून ओळखतो, त्या ओळखीवर मी तरी भाजी करणार नाही.

विषारी भूछत्राने चांदीचं नाणं काळं पडतं, लसूण रंग बदलतो, किड्यांनी खाल्लंय म्हणजे चालतं, हे सगळं खोटं. अमानिटाचं विष शिजवूनही जात नाही. त्रास सहा ते बारा तासांनी, कधी त्याहून उशिरा सुरू होतो, मग दिवसभर बरं वाटतं आणि तोवर यकृत बिघडत असतं. म्हणजे उलट्या उशिरा सुरू झाल्या तर जास्त घाबरायचं. 108 ला फोन करा. वर रेंजचा भरवसा नाही, तेव्हा लागला नाही तर वाट न बघता गाडी काढा. उरलेलं भूछत्र, शिजलेलं असलं तरी, सोबत न्या. कच्चं असेल तर कागदात गुंडाळून, प्लास्टिकमध्ये कुजतं.

पालला, यावल अभयारण्यात, जाणार असाल तर तोडायचा विषयच नाही. खिशात छोटा आरसा ठेवा. टोपीखाली धरला की भूछत्राला हात न लावता पडदे दिसतात.