कटिंग शिकायचंय? आधी कळपात चालायला शिका

कटिंग म्हणजे घोड्यावर बसून कळपातून एकेक वासरू वेगळं काढायचं आणि ते परत कळपात जाऊ द्यायचं नाही, असा खेळ. तो बघणाऱ्याची नजर घोड्यावर खिळते. वासरू डावीकडे उसळलं की घोडा मागच्या पायांवर जवळजवळ बसतो, पुढचं अंग झपकन फिरवतो आणि वासराच्या तोंडासमोर पुन्हा हजर होतो. लगाम सैल लोंबतोय, स्वार नुसता बसलाय. नवख्याला वाटतं, हेच शिकायचं. पण हे घोड्याला येतंच, त्यासाठीच तो तयार केलेला असतो. स्वाराचं काम त्याच्या आधी, कळपात असतं, आणि नवखे गुण तिथेच घालवतात.

खेळ टेक्सासच्या गुराख्यांचा. आजारी किंवा विकायचं जनावर कळपातून वेगळं काढणं हे तिथलं रोजचं काम. 1898 मध्ये हॅस्केल गावी त्याची स्पर्धा लागली आणि सॅम ग्रेव्ह्जने ‘ओल्ड हब’ या घोड्यावर बसून 150 डॉलर जिंकले. घोडा तेव्हा 22 वर्षांचा होता. पुढे 1946 मध्ये नॅशनल कटिंग हॉर्स असोसिएशन स्थापन झाली आणि नियम एका जागी आले.

ओल्ड हबचं वय मुद्दाम सांगितलं. पहिला घोडा म्हणून देखणा, तरणा, चार वर्षांचा क्वार्टर हॉर्स (या खेळातली नेहमीची अमेरिकन जात) घेऊ नका. तो तुमच्या चुका शिकेल आणि वर्षभरात दोघंही बिघडाल. दहा-पंधरा वर्षांचा, भरपूर स्पर्धा केलेला घोडा घ्या. पाय पशुवैद्याकडून तपासून घ्या, विशेषतः मागचे गुडघे, कारण सगळा भार तिथेच येतो. अशा घोड्याची चपळाई थोडी कमी झालेली असली तरी चालेल. त्याला काम येतं, आणि तुम्ही चुकलात तरी तो गडबडत नाही.

वेळ अडीच मिनिटं. मैदानात चार मदतनीस स्वार असतात: दोघे कळप मागच्या कुंपणाशी धरून ठेवतात, दोघे समोर राहून बाहेर काढलेलं वासरू तुमच्याकडे वळवतात. तेवढ्या वेळात साधारण दोन किंवा तीन वासरं काढायची. निदान एकदा तरी कळपात खोल शिरावंच लागतं, नाहीतर 3 गुण कापले जातात. म्हणून पहिली खेप खोल घ्यावी. शेवटी वेळ कमी उरला तर कडेचं एखादं काढता येतं.

आता कळपात शिरायचं कसं. चालत, सावकाश. घोड्याची मान खाली, तुमचा श्वास शांत. कडेने मागच्या कुंपणाच्या दिशेने आत जा, म्हणजे वासरं तुमच्या पुढून मोकळ्या मैदानाकडे सरकतात. पाच-सात वासरं पुढे घेऊन मधोमध बाहेर या. तिथे थांबायला शिका. नको असलेली वासरं दोन्ही बाजूंनी आपोआप मागे वाहतात, त्यांना वाट द्या. घाईने एकाच्या मागे लागलात तर सगळा घोळका विस्कटतो आणि कळप बिथरवल्याचे 3 गुण जातात. समोर एकच उरलं, घोड्याचं तोंड त्याच्याकडे आहे आणि तुम्ही मैदानाच्या मध्यावर आहात, अशी वेळ साधली की लगामाचा हात खाली, मानेवर टेकवायचा. तिथून पुढे घोडा मालक.

हात खाली गेल्यावर लगामाने इशारा केला की दर वेळी 1 गुण जातो. दुसरा हात लगामाला लागला तर 3. मोकळा हात खोगिराच्या पुढच्या उंच खुंटावर असतो, आणि तो खुंट ढकलायचा असतो, ओढायचा नाही. ओढलात की अंग पुढे झुकतं, घोड्याच्या खांद्यावर भार पडतो आणि त्याला वळायला उशीर होतो. कंबर सैल, बैठक खोल, नजर वासराच्या मानेवर. वासरू कुठे वळणार ते आधी मान सांगते. घोड्याकडे खाली बघणं ही नवख्यांची सर्वात महागडी सवय आहे.

वासरू निसटून कळपात परतलं तर 5 गुण गेले. ते मागच्या कुंपणाला थटलं तर 3. सोडण्याचीही रीत आहे: वासरू थांबलेलं असावं, तोंड फिरवून निघालेलं असावं किंवा समोरच्या मदतनिसांच्या मागे गेलेलं असावं. वासरू अजून चालून येत असताना लगाम उचललात तर 3 गुण जातात. प्रत्येक पंच 60 ते 80 मध्ये गुण देतो आणि 70 म्हणजे सर्वसाधारण काम. सुरुवातीला 70 च्या आसपास चूकविरहित फेरी जमली तर ती मोठी कमाई समजा.

वासरं निवडणं ही निम्मी लढाई. तुमच्या गटाआधी कळप शांत केला जातो, तेव्हा कुंपणाशी उभं राहा. कान टवकारून, मान वर करून कुंपणापलीकडे बघणारं वासरू सरळ पळत सुटतं. घोड्याकडे बघत थांबणारं, मऊ डोळ्यांचं वासरू चांगलं. चार-पाच मनात धरा आणि ओळखीची खूण पक्की करा: लाल, पांढऱ्या चेहऱ्याचं, डाव्या कानाला टिकली. ‘काळं’ एवढंच लक्षात ठेवलंत तर आत तशी दहा दिसतील. आधीच्या स्वारांनी कुठली काढली तेही टिपा, कारण एकदा दमलेलं वासरू पुन्हा मन लावून झुंजत नाही.

नवख्यांसाठी आजवरच्या बक्षिसाच्या रकमेवर ठरणारे वेगळे गट असतात. प्रवेश फीसोबत वासरांचाही खर्च भरावा लागतो, तो धरूनच हिशेब करा. टोपीऐवजी हेल्मेट घालायलाही परवानगी आहे. सुरुवातीला ते घालाच. पण पैसे भरण्याआधी सरावाच्या दिवशी मदतनीस म्हणून उभे राहा. समोर उभं राहून वासरं वळवताना जे कळतं ते कुंपणाबाहेरून बघून कळत नाही.

डॅलस-फोर्ट वर्थ भागातल्या मराठी मंडळींना तर हा खेळ दाराशी आहे. फोर्ट वर्थच्या विल रॉजर्स कोलिझियममध्ये हिवाळ्याच्या तोंडावर तीन वर्षांच्या घोड्यांची ‘फ्युचुरिटी’ ही मोठी स्पर्धा भरते. जाल तेव्हा घोड्यावरून नजर काढा आणि स्वाराचा हात खाली जाईपर्यंत किती सेकंद गेले ते मोजा.