एका हातात बांगड्या

फोनवर अपॉइंटमेंट घेणारे बहुतेक जण मसाजचं नाव ठरवूनच बोलतात. स्वीडिश म्हणजे हलका, थाई म्हणजे हातपाय ताणणारा आणि डीप टिशू म्हणजे पैसे वसूल, असा एकूण हिशेब. मे महिन्यातल्या त्या दुपारी एका सुनेनं सासूसाठी डीप टिशूच सांगितला होता. "खांदा जड पडला आहे, जरा जोरात करा मॅडम."

काकू सुनेसोबत नागपूरच्या महाल भागातून ऑटोनं आल्या, तोंडाला दुपट्टा गुंडाळून. साठीच्या आतबाहेर. मी नेहमीचे प्रश्न विचारले. शुगर आहे, बीपीची गोळी आहे. ऑपरेशन? "काहीच नाही जी." तेल घ्यायला वळले तेव्हा त्यांच्या हातांकडे लक्ष गेलं. उजव्या हातात हिरव्या काचेच्या बांगड्या भरून, डावा हात रिकामा.

"या हातातल्या काढल्या का?"

"चढतच नाही ना आता."

मनगटाच्या वर बोटानं दाबलं तर खळगा पडला आणि तसाच राहिला. सुनेला पाणी आणायला पाठवलं आणि पुन्हा विचारलं. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. दोन वर्षांपूर्वी डाव्या स्तनाचा कॅन्सर, काखेतल्या गाठी काढलेल्या. "लेकीचं जमून राहिलं आहे, म्हणून कुठे बोलत नाही." हात सुजायला लागला तशी गल्लीतली मालिशवाली आठ दिवस गरम तिळाचं तेल लावून रगडून गेली. सूज वाढली.

त्याच खांद्यावर मी पाच मिनिटांत कोपर टेकवणार होते. फॉर्मवर 'ऑपरेशन: नाही' लिहून मोकळीही झाले होते.

रक्ताला ढकलायला हृदय आहे, लसिकेला, म्हणजे अंगातलं जादा पाणी वाहून नेणाऱ्या द्रवाला, तसा पंप नाही. ती चालते स्नायूंच्या हालचालीवर, श्वासावर आणि स्वतःच्या नळ्यांच्या बारीक आकुंचनावर. काखेतल्या लसिकेच्या गाठी काढल्या की हाताचा मुख्य रस्ताच बंद होतो. अशा हातावर जोर लावला तर आणखी पाणी ओढलं जातं, कातडीखालच्या नाजूक नळ्याही दुखावतात.

त्या दिवशी मी फक्त टेपनं दोन्ही हात मोजले. कोपराखाली तीन सेंटिमीटरचा फरक होता. सूज अचानक वाढली तर आधी सर्जननं बघायला हवं. रक्ताची गुठळी असेल, जंतुसंसर्ग असेल, दुखणं उलटलेलं असेल. काकू चिडल्या. "बाप्पा, एवढ्या उन्हात आली मी, हातही नाही लावला!"

दहा दिवसांनी डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आल्या, तेव्हा लिम्फ ड्रेनेज, म्हणजे साचलेली लसिका पुढे सरकवणारा हलका मसाज, सुरू केला. एमिल आणि एस्ट्रिड व्होडर या डॅनिश जोडप्यानं 1930च्या दशकात फ्रान्समध्ये बसवलेली ही पद्धत. सुरुवात सुजलेल्या हातापासून नाही, मानेपासून. मग उजवी काख, मग छाती, आणि शेवटी डावा हात, तोही खांद्याकडून खाली. पुढची वाट मोकळी केल्याशिवाय मागचं पाणी सरकणार कुठे? तेल नाही, कारण हात घसरायला नको, कातडी सरकायला हवी. दाब किती, हे शिकाऊ मुलींना मी आपल्या संत्र्यावरच शिकवते. नागपुरी संत्र्याची साल सैल असते. ती आतल्या फोडींवरून जेवढ्या जोरानं नुसती हलेल, तेवढाच.

दहा मिनिटं काकूंनी सोसलं. "हे काय करून राहिल्या तुम्ही? नुसता हात फिरवून राहिल्या! जोर लावा ना जी."

पाऊण तासानंतर पट्ट्या बांधल्या. आपलं नेहमीचं क्रेप बँडेज नव्हे, फार न ताणल्या जाणाऱ्या पट्ट्या, एकावर एक थर. त्या नसतील तर सरकवलेलं पाणी परत भरतं. पुस्तकात हे एका ओळीत उरकतं. पण नागपूरचा मे, पारा 45च्या आसपास, आणि बोटांपासून काखेपर्यंत कापूस-पट्ट्या! तिसऱ्या दिवशी सुनेचा फोन आला. आईंनी रात्री दोन वाजता सगळं सोडून फेकलं होतं.

आता ठरलं ते असं: दुपारभर वाळ्याच्या कूलरपुढची खुर्ची काकूंची, नातवाची नाही. रात्री पट्ट्या सैल वाटल्या तर सुनेनं पुन्हा बांधायच्या, मी तिला दोनदा बांधून दाखवल्या. दोन आठवड्यांत तीनाचा फरक दोनवर आला. काकूंना टेप दाखवला तर म्हणाल्या, "ते ठीक आहे. पण त्या उजव्या खांद्याला तरी जोरात दाबून द्या."

तो मात्र दाबून दिला.