नवा संगणक सुरूच होत नाही तेव्हा

नव्याने जोडलेल्या डेस्कटॉपचे बटण दाबले आणि पंखा हलला नाही की दिवा लागला नाही, तर बहुतेकांचा पहिला संशय मदरबोर्डवर किंवा प्रोसेसरवर जातो. माझ्या पाहण्यात मात्र हे भाग मुळातच निकामी निघाल्याची उदाहरणे थोडी आहेत. दोष बहुधा अर्धवट बसलेल्या एखाद्या जोडणीत सापडतो. म्हणून सुटे भाग बदलत बसण्याआधी वीज नेमकी कुठपर्यंत पोहोचते आहे, एवढेच आधी ठरवावे. पंखे फिरत असून पडदा काळाच राहत असेल, तर ती तक्रार निराळी. डीडीआर५ मेमरी असलेला संगणक पहिल्यांदा सुरू होताना काही मिनिटे तसाच थांबू शकतो, त्यामुळे तिथे घाई करून वीज तोडू नये.

कॅबिनेटच्या बटणातून संगणकाची वीज वाहत नाही, हे लक्षात घेतले की पुढचा तपास सोपा होतो. एसएमपीएसच्या, म्हणजे भिंतीतली वीज संगणकाला लागणाऱ्या कमी व्होल्टेजमध्ये बदलणाऱ्या डब्याच्या, मागचा स्विच चालू असेपर्यंत ५ व्होल्टचा एक राखीव पुरवठा मदरबोर्डला सतत मिळत असतो. बटण दाबल्यावर बोर्डावरच्या दोन पिना क्षणभर जोडल्या जातात, बोर्ड २४ पिनांच्या जोडणीतली १६ क्रमांकाची पिन ग्राउंडला (शून्य व्होल्टच्या सामायिक तारेला) जोडतो, आणि मग कुठे एसएमपीएस १२, ५ व ३.३ व्होल्टचे मुख्य पुरवठे सुरू करतो. हे पुरवठे स्थिर झाल्यावर, साधारण १०० ते ५०० मिलिसेकंदांत, तो तसा संकेत बोर्डाला देतो. तोवर प्रोसेसर रीसेटमध्येच अडकवून ठेवलेला असतो, म्हणजे त्याला काम सुरू करू दिले जात नाही.

तेव्हा पहिला प्रश्न राखीव पुरवठ्याचा. अनेक बोर्डांवर त्यासाठी एक छोटा दिवा असतो. तो लागत असेल तर भिंतीतला सॉकेट, केबल आणि मागचा स्विच यांच्यावरचा संशय तिथेच मिटतो. लागत नसेल, किंवा असा दिवाच नसेल, तर सॉकेटला दुसरे एखादे उपकरण लावून पाहावे आणि २४ पिनांची जोडणी खटका वाजेपर्यंत दाबावी. केबल एसएमपीएसपासून वेगळ्या काढता येणाऱ्या असतील तर तिकडचे टोकही तपासावे. मल्टिमीटर (व्होल्टेज मोजणारे उपकरण) असल्यास ९ क्रमांकाची पिन आणि ग्राउंड यांच्यात ४.७५ ते ५.२५ व्होल्ट दिसायला हवेत. पूर्वी ही तार जांभळी आणि १६ क्रमांकाची हिरवी असे. आता देखणेपणासाठी सगळ्याच तारा काळ्या करतात, त्यामुळे पिना मोजण्यावाचून गत्यंतर नाही.

राखीव पुरवठा ठीक असेल तर कॅबिनेटच्या बटणाची तार काढून, बोर्डावरच्या त्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचे टोक क्षणभर टेकवावे. संगणक सुरू झाला तर दोष बटणात आहे किंवा तार भलत्याच पिनांवर बसली आहे. तिथली छपाई इतकी बारीक असते की पुस्तिकेतली आकृती समोर ठेवूनच काम करावे. दिव्यांच्या तारांना धन-ऋण असते, बटणाच्या तारेला नसते.

पंखा एक झटका देऊन थांबत असेल, तर कुठेतरी शॉर्ट होऊन एसएमपीएसने स्वतःला बंद करून घेतले असण्याची शक्यता मोठी. बोर्डाखाली कॅबिनेटच्या पत्र्यावर लावायच्या पितळी ठोकळ्यांपैकी एखादा, बोर्डाला भोक नाही अशा जागी राहून गेला, तर नेमके हेच घडते. बोर्ड बाहेर काढून त्याच्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवावा आणि प्रोसेसर, त्याचा कूलर व मेमरीची एकच पट्टी एवढ्यावरच चाचणी घ्यावी. प्रोसेसरसाठीची ८ पिनांची स्वतंत्र जोडणी या वेळी विसरू नये; ग्राफिक्स कार्डाची केबल तिथे जबरदस्तीने बसवू नये आणि दुसऱ्या एसएमपीएसच्या सुट्या केबल तर अजिबात वापरू नयेत, कारण त्यांच्या आतल्या तारांचा क्रम वेगळा असू शकतो. प्रत्येक प्रयत्नाआधी मागचा स्विच थोडा वेळ बंद ठेवावा, नाहीतर आधीच्या शॉर्टमुळे स्वतःला बंद करून घेतलेला एसएमपीएस तसाच बंद राहतो आणि तो नवा दोष भासतो.

एसएमपीएस वेगळा तपासायचा असल्यास तो बोर्डापासून पूर्ण सोडवून १६ क्रमांकाची पिन ग्राउंडला जोडतात. कमी भारावर काही एसएमपीएसचा पंखा मुद्दामच फिरत नाही, म्हणून १२ व्होल्टच्या तारेवर ११.४ ते १२.६ व्होल्ट येतात का, तेच मोजावे. भार पडल्यावरही तो टिकेल, हे मात्र या चाचणीने सिद्ध होत नाही. एसएमपीएसचा डबा उघडू नये. केबल काढल्यावरही आतले कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) धोकादायक व्होल्टेज धरून असू शकतात.

दुसऱ्या, खात्रीच्या एसएमपीएसवरही सुटा बोर्ड गप्पच राहिला, तर मात्र बोर्डावर संशय घ्यायला हरकत नाही. प्रोसेसरच्या सॉकेटमध्ये पिना असतील तर त्यातली एखादी वाकली आहे का, हे तिरप्या उजेडात पाहून घ्यावे. वॉरंटीत बोर्ड परत पाठवताना त्या सॉकेटवर मूळचे प्लॅस्टिकचे झाकण बसवावे; वाटेत पिना वाकल्या तर दुरुस्तीचा दावा नाकारला जाऊ शकतो.