गॅलरी शोधायची तर आधी फ्रेमवाले शोधा

मोठ्या राजधान्यांबाहेरच्या शहरातल्या चित्रविक्रेत्यांचा इतिहास लिहायला बसलं, की माणूस जुन्या व्यापारी डिरेक्टरीत ‘आर्ट गॅलरी’ हे शीर्षक उघडतो आणि सुरुवातीची बरीच वर्षं हातची घालवतो. धंदा तेव्हा दुसऱ्याच नावांखाली चाले: चौकटी कोरणारे, मुलामा देणारे, छापचित्रं विकणारे, रंगसाहित्यवाले. इंग्लंडमधल्या मँचेस्टरचे चित्रविक्रेते अ‍ॅग्न्यू याच वाटेने आले. थॉमस अ‍ॅग्न्यू १८१७ मध्ये ज्या व्हिटोरे झनेट्टीचे भागीदार झाले, तो कोरीवकाम आणि मुलाम्याचा दुकानदार. लंडनची शाखा १८६० ची. तोवर चाळीसहून अधिक वर्षं पेढी लंडनबाहेरच वाढली.

डिरेक्टरीतलं साल मात्र जसंच्या तसं उचलू नये. माहिती आधी गोळा होते, छापून नंतर येते. बंद पडलेलं दुकान कागदावर आणखी वर्षभर चालू राहतं. रस्त्यावरचे घरक्रमांक बदलले, तर जागचं न हललेलं दुकान हलल्यासारखं दिसतं. वर्तमानपत्रातल्या जाहिरातींशी ताळा जमवावाच लागतो.

मग चित्राची पाठ, जिथे विक्रेत्यांची लेबलं आणि पेन्सिलीच्या खुणा असतात. चित्र मऊ कापडावर पालथं ठेवून दोन फोटो घ्या: एक समोरून, एक बाजूने तिरका उजेड पाडून. पुसट पेन्सिल तिरक्या उजेडातच उठते. लेबल कॅनव्हास ताणणाऱ्या लाकडी पट्टीवर आहे की बाहेरच्या फ्रेमवर, हे न चुकता लिहा. फ्रेम बदलते, तिच्यावरचं लेबल कधी कधी फक्त ती कोणी बनवली एवढंच सांगतं. कॅनव्हासला मागून नवं कापड चिकटवलेलं असेल, तर जुन्या खुणा त्याखाली गेल्या.

खरा ऐवज स्टॉकबुकात, म्हणजे विक्रेत्याच्या खरेदी-विक्रीच्या वहीत. (अ‍ॅग्न्यूंच्या वह्या २०१४ पासून लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहेत.) खरेदीचा भाव तिथे पुष्कळदा अक्षरांत लपवलेला असतो: दहा वेगळ्या अक्षरांचा एक शब्द, एकेका अक्षराला एकेक अंक. लिलावात घेतलेलं एखादं चित्र गाठा, लिलावाचा जाहीर भाव त्या अक्षरांशेजारी ठेवा. तीन-चार अक्षरं तिथेच सुटतात. दोन विक्रेत्यांनी भागीत घेतलेलं चित्र दोघांच्याही वहीत चढतं, आणि उलाढालीची बेरीज नकळत फुगते. कमिशनवर ठेवलेली चित्रं अनेकदा या वहीत नसतातच. त्यांची वही वेगळी, आणि दुकान आवरताना रद्दीत जाते ती बहुधा तीच.