यॉर्कची भिंत आणि महालातलं गांधी गेट

भाचा इंग्लंडमध्ये लीड्सला शिकतो, त्याच्याकडे गेले होते एप्रिलमध्ये. इकडे नागपुरात कूलर सुरू झालेले आणि मी तिकडे स्वेटरवर जॅकेट चढवून फिरतेय. लीड्सहून यॉर्क ट्रेनने अर्धा तास पण नाही लागत.

सगळे सांगतात मिन्स्टर बघा. बघितलं, तिकीट महागच आहे पण चर्च भव्य आहे बाप्पा, १२२० ला काम सुरू केलं ते १४७२ ला संपलं! पूर्वेकडची खिडकी तर टेनिस कोर्टाएवढी, सगळी रंगीत काच, जॉन थॉर्नटन नावाच्या कारागिराने १४०५ ते १४०८ मध्ये केलेली. मिळाले किती, तर ५६ पौंड, आणि त्यातले दहा वेळेत काम संपवल्याचा बोनस. आमच्या गल्लीतल्या रस्त्याच्या कंत्राटदाराला हे कोणीतरी सांगा.

पण माझा जीव रमला भिंतीवर. गावाभोवती जुना तट आहे, साडेतीन किलोमीटरच्या आसपास शिल्लक, आणि त्यावरून चक्क चालता येतं, फुकट. आतल्या बाजूला बऱ्याच ठिकाणी कठडा नाही, भाचा सारखा "मावशी कडेने नको, मावशी कडेने नको" करत मागे, आणि मी लोकांच्या परसबागा बघण्यात गुंग. उतारावर पिवळी डॅफोडिल्स नुसती माजलेली.

आणि मजा म्हणजे हीच भिंत पाडायला तिथली नगरपालिका १८०० साली निघाली होती! दरवाजे अरुंद, रहदारीला त्रास, वगैरे कारणं. काही भाग पाडलाही, दरवाजांपुढचे बुरुजी आडोसे गेले, फक्त वॉल्मगेट बारचा (तिथे बार म्हणजे तटाचा दरवाजा) राहिला कारण लोकांनी आरडाओरडा केला. मला लगेच आपलं नागपूरचं महाल, जुन्या वस्तीचा भाग, आठवलं. गांधी गेट म्हणजे जुम्मा दरवाजा, त्याखालून आपण रोज स्कूटर काढतो, हॉर्न वाजवतो, पण दरवाजा आहे तर भिंत कुठे गेली असं कोणी विचारतं का? मी पण नव्हतं विचारलं कधी, इतकी वर्षं बडकस चौकात जाऊन येऊन.

म्युझियम गार्डन्सला दुपारी गेलो. तिथे सेंट मेरीज ॲबी, म्हणजे मोठा मठ होता, राजा आठव्या हेन्रीने मठ बंद पाडले तेव्हा १५३९ ला हाही गेला आणि नंतर लोकांनी दगड काढून नेले. आता नुसत्या कमानी उभ्या आणि खाली हिरवळीवर कॉलेजची पोरं सँडविच खातायत, कोणी पुस्तक तोंडावर घेऊन झोपलेलं, खारी पायात येतात. त्याच बागेत एक बुरूज आहे, खालचे दगड रोमन, लहान लहान, मधे लाल विटांचा पट्टा, आणि वर मोठे दगड ते मध्ययुगातले. मधली हजार वर्षं सरळ डोळ्याला दिसतात, कोणी गाईड लागत नाही. बुरुजाच्या आत दगडी शवपेट्या पण ठेवल्यात, त्याच्या शेजारी लोक फोटो काढतात, मला काही ते जमलं नाही.

शॅम्बल्स नावाची गल्ली फार गाजलेली आहे, पूर्वीची खाटकांची, मांस टांगायचे आकडे अजून दिसतात. पण गर्दी इतकी की आपली बर्डी, नागपूरची बाजारपेठ, बरी.

जाणार असाल तर बूथम बारपासून मंक बारपर्यंतचा तट चाला, मिन्स्टर तिथूनच सगळ्यात छान दिसतं. आणि अंधार पडायच्या आत जा, संध्याकाळी तटाची फाटकं बंद करतात.